पणजीच्या ग्रंथालयात कुलदेवतेचा माग: दोन दिवसांचा बेत

कुलदैवत गोव्यात मंगेशीला, कवळ्याला नाहीतर म्हार्दोळला आणि घर गिरगावात, बेळगावात किंवा पुण्यात, अशी घराणी पुष्कळ आहेत. अभिषेक उरकून ती परतीची गाडी धरतात. त्याला कामाचे दोन दिवस जोडले, तर देवस्थानाचा आणि गावाचा छापील इतिहास पणजीतच वाचायला मिळतो. पाटो भागातले कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय हे त्याचे ठिकाण. हे १८३२ साली सुरू झालेले, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक.

कोकण रेल्वेने आल्यास करमळीला उतरावे. कदंबा बसस्थानकही पाटोलाच असल्याने तिथून चालत जाता येते. शनिवार-रविवार आणि सणांचे दिवस टाळा. वाचनकक्ष उघडा असला तरी दुर्मिळ विभागातले खंड काढून देणारे कर्मचारी त्या दिवशी असतीलच असे नाही. फोटो असलेले ओळखपत्र, काय पाहायचे आहे हे लिहिलेला अर्ज, पेन्सिल आणि कोरी वही एवढे जवळ ठेवा. अर्जात 'गोव्याचा इतिहास' असे मोघम लिहू नका. गाव, देवस्थान आणि सालांची मर्यादा लिहिली तर काम निम्मे होते.

पहिली चूक बहुतेकांची इथेच होते. हस्तलिखित दप्तर, जमिनींचे जुने तोंबो, म्हणजे नोंदवह्या, आणि मोडी कागद ग्रंथालयात मागितले जातात. ते पुराभिलेख खात्याकडे असतात. त्या दप्तरखान्याची सुरुवात १५९५ची, पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोउतु हा त्याचा पहिला रक्षक. ग्रंथालयात बघायचे ते छापील साहित्य: जुनी वर्तमानपत्रे, ग्रंथ आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे सरकारी राजपत्र, 'बोलेतिम'.

बोलेतिम १८३७पासूनचे. पोर्तुगीज येत नाही म्हणून लोक ते बाजूला ठेवतात आणि खरा ऐवज हातचा घालवतात. हिंदू देवस्थानांच्या महाजनसंस्थांसाठी (देवस्थान चालवणाऱ्या कुळांच्या संस्थांसाठी), म्हणजे 'मझानीं'साठी, सरकारने १८८६ साली नियम केले, १९३३ साली ते नव्याने आले. देवस्थानांच्या नियमावल्या, 'कॉम्प्रोमिसो', सरकारी मंजुरीनंतर बोलेतिममध्ये छापल्या जात. उत्सव, सेवेकऱ्यांची कामे, मानपान आणि महाजन कोण, हे त्यांत सापडते. म्हणून आधी १८८६ ते १९३५ हा पट्टा घ्या. वार्षिक खंडाला सूची जोडलेली असेल तर तिथून सुरुवात करा. पानोपान चाळत बसलात तर पहिला दिवस एका वर्षातच संपेल.

सूचीत नाव मिळत नाही, कारण स्पेलिंग. रोमन लिपीत 'श'साठी एक्स येतो, म्हणून शांतादुर्गा आणि शंकर एक्सखाली. के-कारी नावांची सुरुवात क्यू-यूने होते, म्हणून केशव, केळशी, केपे तिथे. कवळेसुद्धा तिथेच सापडते, कारण पोर्तुगीजांनी त्याचे 'केउला' केले. प्रभू म्हणजे 'पोरोबो', शेणई म्हणजे 'सिनाय', कामत म्हणजे 'कामोतिम'. त्यात १९११ साली पोर्तुगालने लेखनपद्धती सुधारली. त्याआधी 'फार्मासिया' पी-एचने लिहीत, नंतर एफने. जोडअक्षरांतलेही बरेच जादा व्यंजन गळाले. एकच शब्द दोन्ही रूपांत लिहून ठेवा आणि दोन्ही शोधा. संगणकावरच्या डिजिटल प्रतीत शोधतानाही हेच.

तारखांत आणखी एक खड्डा आहे. जुन्या लिखाणात '७ब्रो' दिसले तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. सेतेंब्रोतला 'सेत' म्हणजे सात. तसेच ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर.

तालुका चुकला तर सगळेच चुकते. मंगेश मूळचा कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुट्ठाळीचा, आणि कवळ्याची शांतादुर्गा केळशीची. सोळाव्या शतकात धर्मछळामुळे देव खाडीपलीकडे फोंडा भागात हलवले, तेव्हा फोंडा पोर्तुगीजांकडे नव्हता. तो १७६३ साली त्यांच्या ताब्यात गेला. त्यामुळे त्याआधीच्या पोर्तुगीज कागदांत मूळ मंदिराची जमीन शोधायची तर साष्टीखाली (मुंबईची नव्हे, गोव्यातली साष्टी) शोधा. कुट्ठाळी आणि केळशी आज मुरगाव तालुक्यात असली तरी जुन्या कागदांत ती साष्टीतच आहेत.

कागदाची काळजी मनापासून घ्या, दुसरी प्रत मिळेलच असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धातला चिंध्यांचा कागद अजून टिकून असतो. नंतरचे लाकडाच्या लगद्याचे वर्तमानपत्र मात्र आम्लामुळे ठिसूळ होऊन घडीवर तुटते. पान कोपऱ्याने ओढू नका, खालून तळहात सरकवून उलटा. दमट हवेने दोन पाने चिकटलेली दिसली तर नखाने सोडवू नका, कर्मचाऱ्यांना बोलवा. फोटोला परवानगी मिळाली तर फ्लॅश बंद. प्रत्येक वेळी आधी अंकाचे शीर्ष, क्रमांक आणि तारीख टिपा, मग पूर्ण पान, मग मजकूर. शीर्षाविना काढलेला फोटो पुढे कुठल्या अंकातला हे सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोंड्याची बस धरा. जुने गोवे, बाणस्तारी, मग मंगेशी आणि म्हार्दोळ. कवळ्यासाठी फोंड्याहून पुढे जावे लागते. देवस्थानच्या कार्यालयात महाजनांची नोंदवही, 'काटालोगु', असते. बोलेतिमचा अंक आणि तारीख हातात असेल तर कारकुनाला काय बघायचे ते एका वाक्यात सांगता येते.