सेंट आईव्हजची भरती, पंचगंगेचा पूर: निसर्गातून अमूर्त चित्र कसे उभे राहते

कोल्हापुरात लँडस्केप म्हटले की रंकाळा, पंचगंगेचा घाट, पन्हाळ्याचा चढ हे आपोआप डोळ्यांपुढे येतात. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान मुंबईत जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि परत येऊन याच परिसराचा उजेड रंगवत राहिले. ही सवय आपल्या हातात इतकी मुरलेली आहे की अमूर्त चित्राचा विषय निघाला की गावाकडून एक प्रश्न हमखास येतो: समोर दिसते ते काढायचे नाही, मग काढायचे काय? मी राहतो त्या सेंट आईव्हजमध्ये चित्रकारांनी या प्रश्नाचे उत्तर कामातून दिले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये हे मासेमारीचे गाव आहे. 1939 मध्ये युद्ध सुरू होताना चित्रकार बेन निकल्सन आणि शिल्पकार बार्बरा हेपवर्थ लंडन सोडून इकडे आले आणि पुढच्या वीसेक वर्षांत इथे आधुनिक चित्रकारांची एक फळीच उभी राहिली. तळात कोळ्यांची सामानाची तळघरे आणि वर चित्रकारांच्या खोल्या, अशी पोर्थमिअर स्टुडिओची जुनी इमारत आजही वापरात आहे. त्याच किनाऱ्यावर 1993 पासून टेट या कलासंग्रहालयाची शाखा आहे. गाव समुद्रात घुसलेले असल्यामुळे उजेड आकाशातून येतो तसाच पाण्यावरूनही येतो. डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा, जूनमध्ये सोळा तासांच्या वर.

या मंडळींनी निसर्ग सोडला नाही, एका जागी बसून बघणे सोडले. पीटर लॅनियन याच गावचे. पोर्थलेव्हन बंदराच्या 1951 मधल्या चित्रासाठी त्यांनी ते गाव वेगवेगळ्या बाजूंनी पायी फिरून पाहिले, जागेची गुंतागुंत समजावी म्हणून आधी लहान त्रिमित रचना केल्या आणि मग सगळ्या बाजू एकाच उभ्या फळीवर आणल्या. 1959 मध्ये ते ग्लायडर उडवायला शिकले. त्यानंतरच्या चित्रांत हवेचा वर उचलणारा झोत, खाली सरकणारी जमीन आणि वळतानाचा कल रंगाच्या फटकाऱ्यांत येतो. 1964 मध्ये ग्लायडरच्या अपघातानंतर ते गेले. विल्हेल्मिना बार्न्स-ग्रॅहम यांनी 1949 मध्ये स्वित्झर्लंडच्या ग्रिंडेलवाल्ड हिमनदीवर रेखाटने केली. बर्फ पारदर्शक असल्यामुळे पुढचे, मागचे आणि आतले आकार एकावर एक दिसतात, आणि त्यांच्या पुढच्या चित्रांची बांधणी त्यातूनच आली. पॅट्रिक हेरन 1956 पासून जवळच्या झेन्नर गावच्या कड्यावरच्या घरात राहिले. तिथल्या बागेतल्या फुलझाडांचे रंग आणि ग्रॅनाइटच्या धोंड्यांच्या वेड्यावाकड्या कडा त्यांच्या रंगपट्ट्यांच्या सीमांत सापडतात. निसर्गाशिवायही वाट आहेच. आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने थर देत-काढत वेगळ्याच ठिकाणी पोचले. इथे बोलायचे आहे ते मात्र निसर्गातून निघणाऱ्या वाटेबद्दल.

काम सुरू होते स्पॉटवर, पण चित्र तिथे करायचे नाही. एका जागेची निदान चार ठिकाणे निवडावीत: तळ, माथा, कडा आणि आतला भाग. पन्हाळ्याचे उदाहरण घेतले तर पायथ्याचा ऊस, चढाचे वळण, तटबंदीचा टोकाचा बुरूज आणि एखाद्या विहिरीचा आतला काळोख. ए थ्री कागद, चारकोल, प्रत्येक ठिकाणी दोनच मिनिटे. दोन मिनिटांत पाने-फांद्या काढता येत नाहीत, त्यामुळे हात आपोआप उताराची दिशा, वजन आणि पोकळी पकडतो. ठिकाण बदलले की कागद नव्वद अंशांत फिरवायचा आणि त्याच कागदावर पुढचे रेखाटन करायचे. तिसऱ्या रेखाटनापर्यंत कागद गिचमिड दिसतो आणि बहुतेक जण तिथे नवा कागद घेतात. तो घेऊ नये, कारण रेषा जिथे एकमेकींना अडतात तिथेच रचना तयार होत असते.

रंगाची नोंद वेगळ्या पट्टीवर ठेवावी. तीन सेंटिमीटरचे चौकोन, प्रत्येकाखाली मिश्रणाचे प्रमाण, वेळ, वारा आणि ऊन की ढग. मोबाइलच्या फोटोवरून रंग घेऊ नका. कॅमेरा सावली काळी करतो, आणि डोळ्याला दिसणारा सावलीतला निळा-जांभळा निघून जातो. इथे समुद्रकाठी आणखी एक घोटाळा होतो. जलरंगात समुद्राचे पाणी वापरले किंवा लाटांचे तुषार कागदावर बसले, तर मीठ हवेतला ओलावा ओढत राहते आणि कागद पुरता वाळत नाही. गोडे पाणी बाटलीतून न्यावे लागते.

स्टुडिओत आल्यावर आधी दहा-पंधरा सेंटिमीटरची छोटी चित्रे करावीत, प्रत्येकात दोन-तीनच रंग. इथे सर्वांत जास्त त्रास देते ती आडवी रेषा. चौकटीच्या वरच्या तिसऱ्या भागात आडवी रेषा आली की बघणारा तिला क्षितिज समजतो आणि चित्राचा पुन्हा देखावा होतो. कॅनव्हास चारही बाजूंनी फिरवून बघणे हा त्यावरचा सोपा उपाय. एकाच बाजूने चित्र ‘बरोबर’ वाटत असेल, तर देखावा अजून गेलेला नाही. दुसरा दोष पोताचा. वाळू, भुसा, जाड पेस्ट घालून पृष्ठभाग खडबडीत केला की काहीतरी घडल्यासारखे वाटते. पण त्या पोताला स्पॉटवरच्या नोंदीत आधार नसेल, तर ती नुसती सजावट होते.

छोट्याचे मोठे करताना मनगटाची रेषा खांद्यातून यावी लागते. साठ सेंटिमीटरच्या काठीला चारकोल बांधला आणि कॅनव्हास जमिनीवर ठेवला की हात मोकळा होतो. रंग अंदाजापेक्षा जास्त मळून झाकणाच्या डब्यात ठेवा, कारण दुसऱ्यांदा मळलेला पहिल्याशी जुळत नाही. ॲक्रिलिक वाळल्यावर थोडे गडद होते. ओले असताना त्यातले रंगकण बांधून ठेवणारे पांढुरके माध्यम रंग फिका दाखवते, म्हणून जुळवणी वाळलेल्या नमुन्यावरच करावी.

हवामानाने तंत्र बदलते. इथल्या थंड खोलीत पारा दहा अंशांखाली गेला की ॲक्रिलिकचे कण एकमेकांत नीट मिसळत नाहीत आणि थर भुसभुशीत होतो किंवा तडकतो. कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये उलटे होते. रंग पॅलेटवरच वाळतो आणि ओल्यात ओला रंग मिसळता येत नाही. वाळणे लांबवणारे रिटार्डर मिळते, पण बाटलीवर दिलेल्या प्रमाणाच्या पुढे गेलात तर थर दिवसेंदिवस चिकट राहतो. पातळ करायला नुसते पाणी ओतत राहू नये, निम्मे माध्यम घालावे. तैलरंगात खालचा थर कमी तेलाचा आणि वरचे जास्त तेलाचे. अंबर हा तपकिरी रंग लवकर वाळतो, आयव्हरी ब्लॅक हा काळा फार हळू, म्हणून तो काळा तळात घातला तर वरचा थर चिरतो.

मातीचा रंग स्वतः करायचा असेल तर कोल्हापूरकरांइतके नशीबवान फार थोडे. पन्हाळा आणि मसाई पठारावर जांभा आहे, खाली काळा बेसाल्ट. पठारावर मात्र खणू नये, तिथली माती पातळ आहे आणि पावसाळी फुले तिच्यावरच जगतात. बांधकामावर जांभ्याचे चिरे तासताना पडलेला चुरा पुरतो. तोंडाला फडके बांधून तो खलबत्त्यात कुटा, बादलीभर पाण्यात ढवळा आणि मिनिटभर थांबा. वाळू खाली बसली की वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. रात्रभर निवळू द्या, वरचे पाणी काढा, हेच तीनदा करा. उरलेला गाळ सावलीत वाळवून मलमलीतून चाळा. त्यात थोडे पाणी घालून पेस्ट करा, तेवढेच ॲक्रिलिक माध्यम मिसळा आणि खरखरीत काचेवर सपाट बुडाच्या घोट्याने काकवीइतके दाट होईपर्यंत घोटा. दुसऱ्या दिवशी वाळलेल्या पट्ट्यावर ओले पांढरे फडके फिरवा. रंग आला तर माध्यम कमी पडले आहे. पट्टा प्लास्टिकसारखा चकाकला तर जास्त झाले आहे. पिवळी माती लोखंडी तव्यावर चांगली भाजली की तिच्यात बांधलेले पाणी जाऊन ती लाल होते, म्हणजे एकाच मातीतून दोन्ही टोकांच्या छटा मिळतात. पंचगंगाकाठची काळी माती मात्र जाड लावू नका. ती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते. शेतात उन्हाळ्यात भेगा पडतात त्याच कारणाने चित्रातही पडतात.

आता रचनेबद्दल. सेंट आईव्हजचे बंदर ओहोटीला रिकामे होते, नावा वाळूवर कलतात, आणि उधाणाला पाणी साधारण सहा मीटर वर-खाली होते. भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रक मिळते आणि त्यावरून पट्ट्यांच्या उंच्या ठरवून रचना बांधता येते. आपल्याकडे हीच चाल वर्षातून एकदा, पावसाळ्यात येते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी वर्तमानपत्रांत रोज छापून येते: इशारा 39 फुटांना, धोका 43 फुटांना, आणि 2019 व 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले होते. जुलै-ऑगस्टचे 62 दिवस घ्या. दिवसाला दीड सेंटिमीटर म्हणजे रुंदी 93, फुटाला दोन सेंटिमीटर धरून 120 उंची, त्यात 60 फूट बसतात. रोजच्या उंचीची पट्टी, त्या दिवशीच्या पाण्याच्या रंगाची नोंद घेऊन.

नुसते एवढेच केले तर आलेख होतो. मग पट्ट्यांच्या सीमा मोडायला लागतात. पाणी एकाच पातळीला राहिले ते दिवस एका सपाट क्षेत्रात विरघळू द्या आणि झपाट्याने चढले तिथल्या कडा धारदार ठेवा. 39 आणि 43 च्या रेषा रंगाने ओढू नका. तिथे टेप लावून रंग भरा, अर्धवट वाळल्यावर काढा आणि कड पत्र्याने खरवडा. पूर ओसरल्यावर भिंतीवर राहतो तसा डाग त्यातूनच येतो. शेवटी कॅनव्हास नव्वद अंशांत फिरवा म्हणजे क्षितिज मोडते. गाळ वापरायचा तर पाणी उतरल्यावर, हातमोजे घालून घ्या आणि तव्यावर कडक भाजा, कारण पुराच्या पाण्यात सांडपाणी असते. काम चालू असताना कॅनव्हास भिंतीला टेकवू नका. वीतभर अंतर ठेवले नाही तर पावसाळ्यात मागून बुरशी धरते. वार्निश दसऱ्यानंतर, कोरड्या हवेत द्या. ऑगस्टच्या दमटपणात दिले तर त्यावर पांढरट झाक येते.