लातुरात बसून ऑरलँडोतलं टेबल

"काका, तिकडं अमेरिकेतल्या हॉटेलात टेबल तुम्ही इथून कसं काय धरता ओ?" गल्लीतली पोरं विचारतात, लग्नात भेटलेले पाहुणेही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: लातूरहून मुंबईचं तत्काळ काढलेल्या माणसाला हे अवघड नाही. एसी १० ला, स्लीपर ११ ला उघडतं. त्याआधी लॉगिन करून, नावं भरून तयार राहायचं. इथंही तेच.

ऑरलँडोतल्या डिस्ने वर्ल्ड या मनोरंजन पार्कातली जेवणाची टेबलं ६० दिवस आधी खुली होतात, तिथल्या सकाळी ६ च्या सुमारास. डलासला मुलीकडं तेव्हा पहाटेचे ५. आपल्याकडं दुपारचे साडेतीन, आणि मी रिकामाच. म्हणून हे खातं माझ्याकडं आलं.

मुक्कामाला डिस्नेच्याच हॉटेलात उतरणार असाल तर बुकिंगच्या पहिल्याच दिवशी, म्हणजे मुक्कामाच्या ६० दिवस आधी, मुक्कामाच्या १० दिवसांपर्यंतची टेबलं धरता येतात. म्हणून सगळ्यात मारामारीचं टेबल मी मुक्कामाच्या शेवटच्या दिवसाचं बघतो. त्या तारखेच्या टेबलांसाठी बाहेर उतरणाऱ्या लोकांचं दार तेव्हा अजून बंद असतं.

एवढं कळत असून एकदा फजिती झालीच. मुक्काम २ जानेवारीपासून होता, म्हणजे बुकिंग ३ नोव्हेंबरला, नेमकी भाऊबीज. नातीला सिंड्रेलाच्या किल्ल्यात राजकन्यांसोबत जेवायचं होतं. मी पाटावर, मांडीवर लॅपटॉप, बहीण निरांजन घेऊन उभी. "आधी टोपी घाल, मग काय बडवायचं ते बडव." साडेतीन वाजले, काही उघडेना. वैतागून लॅपटॉप मिटला अन् फराळाला बसलो. पाचला बघतो तर किल्ला फुल्ल! नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागं जातात. त्यांचे ६ म्हणजे मग आपले साडेचार. चूक माझीच.

मग अलर्टचं साधन लावलं. तारीख, वेळ, माणसं किती एवढं भरायचं; कुणी टेबल सोडलं की मेल येतो. ते स्वतः बुकिंग करत नाही, मेल आल्यावर धावायचं आपणच. लोक सोडतात बरं का. ऐनवेळी न गेल्यास माणशी १० डॉलर कापतात, दोन तास आधी रद्द केलं तर नाही. त्यामुळं आधी चार ठिकाणी धरून ठेवणारे सहल जवळ आली की तीन सोडतात. (इथं हुरड्याला शेतात बोलावलं तर आपण न सांगता चार जण वाढवून नेतो, ते वेगळं.) डिसेंबरात एका रात्री दोनला फोन वाजला अन् किल्ला मिळाला. चष्मा सापडेपर्यंत जीव वरखाली.

यंदा विहीणबाईंच्या भाचीचं काम आलंय, जूनचं. कॅलेंडरवर एप्रिलच्या चौकोनात साडेतीन लिहून ठेवलंय, अन् लाइट गेली तर म्हणून मोबाइलचा डेटा वेगळा भरून.