तुम्ही विचारलंत म्हणून: जनुकं तीच, मग धोका वेगळा कसा?

"माणसाची जनुकं सगळीकडे सारखीच ना? मग इंग्लंडात निघालेला निष्कर्ष मला का चालत नाही?"

पुण्यात मी जनुकीय समुपदेशनाचं काम करते. मोबाइलवर डीएनए रिपोर्ट उघडून हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. परवा एका गृहस्थांच्या रिपोर्टमध्ये मधुमेहाचा धोका 'सरासरीपेक्षा कमी' आला होता. वडील, दोन्ही काका आणि आत्या शुगरच्या गोळ्यांवर. त्यांना सुटल्यासारखं वाटत होतं, मला मात्र काळजी वाटली.

जनुकं सारखीच असतात, हे खरं. आजार ज्या वाटांनी होतो त्याही बऱ्याचशा सारख्याच. बदलतात ते आकडे, आणि रिपोर्ट आकड्यांवरच उभा असतो.

रिपोर्टमध्ये डीएनएचं जे अक्षर तपासलेलं असतं, ते बहुतेक वेळा आजाराचं कारण नसतं, कारणाजवळची खूण असते. आपण पत्ता सांगतो ना, "चितळ्यांच्या शेजारचं दुकान"? बाजीराव रोडला ही खूण बरोबर पोचवते, डेक्कनच्या चितळ्यांशेजारी दुकान दुसरंच. डीएनए आईवडिलांकडून तुकड्यातुकड्यांनी येतो आणि पिढ्यानपिढ्या ते तुकडे आणखी तुटत जातात. कुठली खूण कुठल्या कारणासोबत टिकून राहिली, हे त्या समाजाच्या इतिहासावर ठरतं: किती मूळ माणसांपासून तो वाढला, किती मिसळला, किती काळ आपल्यातच लग्नं करत राहिला. आफ्रिकेतल्या लोकसमूहांत हे तुकडे सर्वांत लहान, कारण तिथला मानवी इतिहास सर्वांत जुना. म्हणून युरोपातली खूण तिथे पुष्कळदा कारणापर्यंत नेतच नाही.

कधी खूण पक्की असते, पण ती बाळगणारी माणसंच कमी असतात. टीसीएफ7एल2 या जनुकातल्या बदलाचा मधुमेहाशी असलेला संबंध 2006 मध्ये आइसलँडच्या संशोधकांनी दाखवला. पुढच्याच वर्षी हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले डॉ. चांडक आणि आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. याज्ञिक यांच्या गटांनी तो भारतीयांतही दाखवला. चीन-जपानात मात्र ते अक्षरच इतकं विरळ, की तिथल्या मधुमेहात त्याचा वाटा फार थोडा.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते एफटीओ या जनुकाचं उदाहरण. 2007 मध्ये युरोपात दिसलं, की या जनुकातल्या एका बदलाने वजन वाढतं आणि वाढलेल्या वजनामुळे मधुमेह होतो. वजनाचा हिशोब वजा केला, म्हणजे सारख्या वजनाच्या माणसांचीच तुलना केली, की मधुमेहाशी संबंध उरत नाही. 2009 मध्ये याज्ञिकांच्या गटाने भारतीयांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात वजन वजा करूनही संबंध पूर्ण पुसला गेला नाही. असं का, याचा विचार करताना मला नेहमी 2004 मधला, 'लॅन्सेट'मधला एक फोटो आठवतो. त्यात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन शेजारी शेजारी आहेत. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3. युडकिनांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या शरीरात 21.2. म्हणजे वजनकाट्यावरचा आकडाच दोन समाजांत एकच गोष्ट सांगत नाही. तो वजा करून उरणारा संबंध तरी सारखा कसा येईल? जनुकाचा परिणाम आईच्या पोटातल्या पोषणापासून ताटातल्या भातापर्यंत सगळ्याच्या संगतीने दिसतो.

आणि काही बदल दुसरीकडे शोधून सापडायचेच नाहीत. एमवायबीपीसी3 या हृदयाच्या स्नायूच्या जनुकातून 25 अक्षरं गळालेली असतात, त्याने हृदय कमजोर होण्याचा धोका वाढतो. दक्षिण आशियात शंभरातल्या साधारण चौघांत हे आढळतं, बाहेर जवळजवळ नाहीच. 2009 मध्ये हे पुढे आलं ते इथल्या लोकांना तपासलं म्हणून.

त्या गृहस्थांना मी सांगितलं, हा 'कमी' कुणाच्या सरासरीच्या मानाने, ते रिपोर्टमध्ये शोधा. सापडलं नाही. मग उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) करून घ्या, कमरेचा घेर मोजा, असं म्हटलं. ज्याच्या घरात चार जण गोळ्यांवर आहेत, त्याने रिपोर्टच्या भरवशावर तपासणी पुढे ढकलू नये, असं माझं ठाम मत आहे.

आपले आकडे आपल्या माणसांतूनच निघायला हवेत. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या आरोग्य आणि डीएनएच्या माहितीसाठ्यात 5 लाख लोक आहेत, बहुतेक गोरे. आपल्या 'जीनोम इंडिया' प्रकल्पात सुमारे 10,000 जणांचा डीएनए वाचला गेला आणि जानेवारी 2025 मध्ये ती माहिती संशोधकांना खुली झाली. मला याचा मनापासून आनंद आहे, पण एवढ्या मोठ्या देशाला ती सुरुवातच आहे. म्हणून कुणी संशोधनासाठी रक्त मागितलं तर लगेच नाही म्हणू नका. संमतीपत्र घरी नेऊन सावकाश वाचा, नमुना कुठे राहणार, नाव झाकणार का, नंतर माघार घेता येईल का, हे विचारा. उत्तरं पटली तर द्या.