‘अनुपस्थित’ लिहिण्याआधी

स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवा, असं शाळेचं पत्र आलं आणि मैदान, स्नेहसंमेलन, सहली सगळं सोडून मन थेट प्रयोगशाळेच्या मागच्या टेबलाशी जाऊन थांबलं. बाकीच्या गोष्टींबद्दल बाकीचे लिहितीलच. मला लिहायचं आहे रसायनशास्त्राच्या सरांबद्दल, आणि सरांबद्दल लिहायचं तर अज्ञात क्षाराच्या पृथक्करणाबद्दलच, म्हणजे नाव न सांगता दिलेल्या क्षारात काय आहे ते चाचण्यांनी ओळखण्याबद्दलच, लिहायला हवं. सॉल्ट अ‍ॅनालिसिस इतकं जीव ओतून शिकवणारं दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही.

क्षारातली धातूंची मूलकं, म्हणजे त्याचे विद्युतभारित घटक, कोणत्या रसायनाने खाली बसतात त्यानुसार गटांत विभागलेली असतात आणि गट क्रमाने तपासायचे असतात. जर्नलमध्ये ‘दुसरा गट अनुपस्थित’ एवढं लिहायला दोन सेकंद लागतात. सर ते सहजासहजी लिहू देत नसत. अवक्षेप, म्हणजे द्रावणातून खाली बसणारा घन पदार्थ, आला नाही म्हणजे मूलक नाही, हे त्यांना मान्यच नव्हतं. अवक्षेप यावा अशी परिस्थिती नळीत होती का, हा त्यांचा पहिला प्रश्न. म्हणून प्रत्येक टेबलावर तीन परीक्षानळ्या शेजारी शेजारी उभ्या असायच्या. एकीत आपला नमुना, दुसरीत नुसतं डिस्टिल्ड वॉटर, तिसरीत ते मूलक नक्की असलेलं द्रावण. तिन्हींत तोच रीएजंट (चाचणीचं रसायन), तेवढेच थेंब. पाण्याच्या नळीत काही दिसलं तर पाणी किंवा रीएजंट खराब. खात्रीच्या नळीत काहीच दिसलं नाही तर चाचणीच फसलेली.

क्लोराइडची चाचणी घ्या. नळाखाली धुऊन घेतलेल्या, पण डिस्टिल्ड वॉटरने न विसळलेल्या नळीत सिल्व्हर नायट्रेट टाकलं की पांढुरका गढूळपणा येतोच, कारण नळाच्या पाण्यात क्लोराइड असतं. सोडियम कार्बोनेटचा अर्क (क्षार त्याच्यासोबत उकळून गाळलेलं द्रावण) वापरत असू तर आधी विरल नायट्रिक आम्ल घालून फसफस पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं, नाहीतर सिल्व्हर कार्बोनेटच खाली बसतं. घाईत नायट्रिकऐवजी हायड्रोक्लोरिकची बाटली उचलली गेली, तर प्रत्येक क्षारात क्लोराइड सापडतं. अवक्षेप अमोनियात विरघळला तर क्लोराइड, कसाबसा थोडा विरघळला तर ब्रोमाइड, पिवळा तसाच राहिला तर आयोडाइड. रंगापेक्षा या विरघळण्यावर विश्वास ठेवा, असं सर सांगत. पांढरा आणि फिकट पिवळा यांतला फरक ढगाळ दिवशी डोळ्यांना कळत नाही.

सल्फेटच्या बाबतीत गंमत उलटी. बेरियम क्लोराइड घालण्याआधी द्रावण आम्लधर्मी केलं नाही तर कार्बोनेट आणि सल्फाइटही पांढरा अवक्षेप देतात. आणि हायड्रोक्लोरिक आम्ल फार तीव्र असेल तर खुद्द बेरियम क्लोराइडचेच स्फटिक बाहेर पडतात. थोडं पाणी घालून हलवायचं. विरघळले तर ते सल्फेट नव्हतंच.

आता तो कॅडमियमचा दिवस. मागच्या टेबलावरच्या जोडीला पांढरा क्षार आला होता. तो त्यांनी तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवला, पहिल्या गटासाठी आणखी आम्ल घातलं आणि त्याच द्रावणात दुसऱ्या गटासाठी किपच्या उपकरणातून, म्हणजे हा वायू तयार करणाऱ्या काचेच्या उपकरणातून, हायड्रोजन सल्फाइड सोडला. काही नाही. जर्नलमध्ये दुसरा गट अनुपस्थित झाला आणि दोघं तिसऱ्या गटाच्या तयारीला लागले. सरांनी जर्नल वाचलं, नळी उचलली आणि फक्त एवढंच विचारलं, “आम्ल किती आहे रे यात?” उत्तर नव्हतं. त्यांनी थोडं द्रावण दुसऱ्या नळीत ओतलं, चौपट डिस्टिल्ड वॉटर घातलं आणि पुन्हा वायू सोडला. वायूनळीच्या टोकापाशी आधी पिवळसर धूर उठल्यासारखा झाला आणि पाहता पाहता सगळी नळी पिवळीधमक झाली. कॅडमियम सल्फाइड.

मग फळ्यावर कारण. हायड्रोजन सल्फाइड हे दुर्बल आम्ल. द्रावणात हायड्रोजन आयन वाढले की त्याचं विचरण (आयनांत फुटणं) मागे रेटलं जातं आणि सल्फाइड आयन अगदी कमी उरतात. कॉपर सल्फाइड इतकं अविद्राव्य की तेवढ्यातही काळं पडतं. कॅडमियमला थोडे जास्त सल्फाइड आयन लागतात. आम्ल साधारण 0.3 मोलर ठेवलं की दोन्ही येतात. त्याहून फारच कमी केलं तर चौथ्या गटातला जस्ताचा पांढरट सल्फाइडही इथेच येऊन बसतो. शिवाय इथे निसटलेलं कॅडमियम चौथ्या गटात अमोनिया घातल्यावर पिवळं होऊन वर येतं आणि मग कोष्टकात ते कुठेच बसत नाही. त्या जोडीचं पुढचं सगळं काम वाया जाणार होतं, ते एका प्रश्नाने वाचलं.

फसवा होकारही सरांनी याच तासाला दाखवला. द्रावणात नायट्रेट किंवा फेरिक लोह असेल तर हायड्रोजन सल्फाइडचं ऑक्सिडीकरण होऊन बारीक गंधक सुटतो. द्रावण दुधाळ होतं, गाळणकागदातूनही ते दुधाळच उतरतं, आणि त्याला कुणीही गटाचा अवक्षेप समजतं. या वायूबद्दलची त्यांची ताकीद फार कडक होती. वास येईनासा झाला म्हणजे वायू संपला असं कधीच समजायचं नाही. तो जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. उपकरण कायम धूरकपाटात, खिडक्या उघड्या.

तिसऱ्या गटाआधी द्रावण उकळून हा वायू पूर्ण घालवायचा आणि लेड अ‍ॅसिटेटचा कागद वाफेवर धरून खात्री करायची. काळा पडला तर आणखी उकळायचं. वायू राहिला तर अमोनिया घालताक्षणी चौथा गट तिसऱ्यात येतो. मग दोन-चार थेंब तीव्र नायट्रिक आम्ल घालून पुन्हा उकळायचं, कारण फेरस लोह इथे पूर्ण येत नाही, ते फेरिक व्हावं लागतं. अमोनियम क्लोराइड भरपूर, आणि अमोनियाच्या आधी. त्याने हायड्रॉक्साइड आयन आवरले जातात, नाहीतर मॅग्नेशियमसुद्धा उतरू लागतं. अमोनिया मात्र जेमतेम वास येईपर्यंतच. जास्त झाला तर अ‍ॅल्युमिनियमचा लिबलिबीत अवक्षेप थोडा विरघळून जातो. बाटली जुनी असेल तर अमोनियाने हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषलेला असतो आणि पाचव्या गटातलं बेरियम, कॅल्शियम इथेच कार्बोनेट होऊन पडतं. सगळ्यात अधिक घोटाळे या एकाच पायरीवर होतात, असं माझं आजही मत आहे.

शिसं दोनदा भेटतं, याचंही कारण त्यांनी आकड्यांत सांगितलं. लेड क्लोराइड थंड पाण्यात लिटरमागे सुमारे 10 ग्रॅम, उकळत्या पाण्यात 30 ग्रॅमच्या वर विरघळतं. म्हणून पहिल्या गटात द्रावण थंड हवं, आणि तरी उरलेलं शिसं दुसऱ्या गटात काळं होऊन येणारच. अमोनियमची चाचणी मूळ क्षारावर सर्वांत आधी. पुढे आपणच अमोनियमचे क्षार ओतत जातो.

आता मी पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. आयसीपी यंत्र काही मिनिटांत अनेक धातू मोजून देतं. पण नमुन्याआधी ब्लँक (नुसतं शुद्ध पाणी) आणि सोबत स्टँडर्ड (माहीत प्रमाणाचं द्रावण) चालवल्याशिवाय आमचा अहवाल बाहेर जात नाही. सरांच्या त्याच तीन नळ्या.

आता बऱ्याच ठिकाणी मुलं निळे स्फटिक पाहून मोरचूद ओळखतात आणि निरीक्षणं मागून लिहितात, याचं फार वाईट वाटतं. आपल्या शाळेत तसं होऊ नये. शाळेला भेट म्हणून काय द्याल, असं पत्रात विचारलं आहे. मी प्रत्येक मूलकाच्या खात्रीच्या द्रावणांचा संच आणि लहान डिस्टिलेशन यंत्र पाठवतो आहे. एक विनंती आहे. फेरस सल्फेटचं द्रावण मात्र बाटलीत भरून ठेवू नका. ते हवेने फेरिक होतं आणि नायट्रेटच्या चाचणीत नायट्रेट असूनही त्याची खूण असलेलं तपकिरी कडं येत नाही. हिरवे स्फटिक त्या त्या तासाला, तेवढेच विरघळवा, आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल तिरप्या नळीच्या कडेने, न हलवता सोडा.