पांढरी तीनवरून काळी चारवर

'टायटॅनिक' या १९९७ च्या चित्रपटासाठी जेम्स हॉर्नर यांनी संगीतबद्ध केलेले आणि विल जेनिंग्ज यांनी लिहिलेले 'माय हार्ट विल गो ऑन' हे गीत सेलीन डिऑन यांच्या आवाजात जगाने डोक्यावर घेतले आणि पुढे त्याला ऑस्करही मिळाले. मात्र दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांना मुळात गाणे नकोच होते, म्हणून हॉर्नर यांनी ते त्यांच्या नकळत गाऊन घेतले होते.

या गाण्याचा प्राण मला त्याच्या शेवटच्या ध्रुवपदात सापडतो. अगदी हलक्या आवाजात सुरू झालेले हे गाणे तोवर पांढरी तीनच्या, म्हणजे पेटीवरच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुराच्या, आधाराने चालते आणि तालवाद्यांच्या ठोक्यासरशी थेट काळी चारवर, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीवर जाते. नागपुरात, महाल भागातल्या आमच्या घरच्या जुन्या पेटीवर ते वाजवताना इथे हात काळ्या-पांढऱ्या मिळून एकदम चार पट्ट्या वर न्यावा लागतो. आपल्या मैफलीत एकदा लावलेला षड्ज, म्हणजे आधाराचा 'सा', शेवटपर्यंत ढळत नाही. त्यामुळे आधारस्वरच उचलला जाण्याचा हा धक्का आपल्या कानांना अधिक खोल जाणवत असावा. डिऑन यांनी आधीच्या कडव्यांत राखून ठेवलेला सारा दमसास इथेच खर्ची पडतो, आणि तरीही तार सप्तकात त्यांचा सूर कुठेही चिरकत नाही.