बैलाच्या पोटातला निवांत कृमी आणि शेळीचे लुळे पाय

धानाच्या बांध्यांत पाणी असते, बोड्या, म्हणजे शेतातली लहान तळी, काठोकाठ भरलेल्या असतात आणि डासांनी उच्छाद मांडलेला असतो, अशा पावसाळ्याच्या उतरत्या दिवसांत पूर्व विदर्भातील एखाद्या गावातून मला एका विशिष्ट प्रकारच्या शेळीसाठी हमखास बोलावणे येते. शेळी तरणी असते, डोळे तरतरीत असतात, ताप नसतो, पण मागचा भाग लुळा पडलेला असतो. मागच्या वर्षीच्या अशाच एका शेळीची मालकीण म्हणाली, “मांगचे पाय फरफटत नेते जी, डाक्टर साहेब. पण चारा पाहा कसा खाऊन रायली.” मी विचारले, “मावशी, कुठे पडली होती का? कोणी मारलं का?” त्यावर, “नाही जी, परवापर्यंत साजरी होती,” एवढेच उत्तर मिळाले.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात अशा शेळ्यांना मी कमरेचा मार समजून वेदनाशामक औषधे देत असे, आणि त्यात गेलेले दिवस त्या जनावरांना परत मिळाले नाहीत, याची खंत आजही वाटते. खरे कारण बहुतेक वेळा त्याच गोठ्यात, चार हातांवर रवंथ करत बसलेल्या बैलाच्या पोटात असते.

त्या कृमीचे नाव सेटारिया डिजिटाटा. हत्तीरोगाचा कृमी ज्या फायलेरिया गटातला, त्याच गटातला हाही आहे. गाय, बैल आणि म्हैस हे त्याचे हक्काचे यजमान, म्हणजे ज्यांच्या शरीरात तो राहतो आणि वाढतो ती जनावरे, होत. म्हशीच्या शवविच्छेदनात पोट उघडले की आतड्यांच्या बाहेर, पोटाच्या पोकळीत, जाड शिवणदोऱ्यासारखे पांढरे, बोटभर लांबीचे कृमी सावकाश वळवळताना दिसतात. त्यांच्या आसपास ना जखम असते, ना पू. ते जनावर हयातभर औताला चालते, दूध देते, आणि आपल्या पोटात कोणी राहते आहे याची खूण बहुधा कधीच दाखवत नाही.

या कृमीची मादी अंडी बाहेर टाकत नाही, ती थेट सूक्ष्म पिल्ले सोडते. ही पिल्ले, म्हणजे मायक्रोफायलेरिया, रक्तात उतरतात. बैलाच्या रक्ताचा ताजा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर आधी पिल्लू दिसत नाही, तांबड्या पेशींची गर्दी एका जागी ढवळल्यासारखी हलताना दिसते. नजर तिथे स्थिरावली की पेशींना कोपरखळ्या मारत झटके देणारा पारदर्शक धागा सापडतो. त्याची लांबी मिलिमीटरच्या जेमतेम पाव भागाएवढी असते. मी हे दृश्य शेकडो वेळा पाहिले असेल, तरी प्रत्येक वेळी काचपट्टी चटकन बाजूला ठेववत नाही.

हे पिल्लू रक्तात कितीही काळ राहिले तरी तिथे मोठे होत नाही, त्यासाठी त्याला डासाच्या शरीरात जावेच लागते. रक्ताबरोबर डासाच्या पोटात गेलेले पिल्लू तिथून छातीच्या स्नायूंत शिरते, साधारण दोन आठवड्यांत दोनदा कात टाकते आणि तिसऱ्या अवस्थेतील अळी होऊन सोंडेपाशी येऊन थांबते. घाण पाण्यात वाढणारा आर्मिजेरिस हा डास या वाहकांपैकी एक आहे, आणि शेणामुताचे पाणी साचलेली गोठ्यामागची नाली त्याला चांगलीच मानवते. डास पुन्हा चावला की अळी त्या जखमेतून नव्या जनावराच्या अंगात शिरते.

ते जनावर बैल असेल तर अळी पोटाच्या पोकळीत पोहोचून प्रौढ होते. शेळी, मेंढी किंवा घोडा असेल तर मात्र तिचा प्रवास भरकटतो, आणि या भरकटण्यात ती कधी मज्जारज्जूत तर कधी मेंदूत घुसते. ती ज्या वाटेने जाते तिथला मऊ चेतातंतू चिरडत जातो. कमरेजवळच्या मज्जारज्जूत एकच अळी शिरली, तरी मागचे पाय जायला तेवढे पुरते. १९५० च्या दशकात इन्स आणि शोहो या संशोधकांनी हे कोडे उलगडले. घोड्यांमधील अशा कमरेच्या लुळेपणाला ‘कुमरी’ म्हणतात. घोड्याच्या बाबतीत अळी कधी डोळ्यात उतरते आणि बुबुळामागच्या पाण्यात पोहताना मालकाला उघड्या डोळ्यांनी दिसते.

शेळीत हा कृमी सहसा प्रौढ होत नाही, त्यामुळे तिच्या रक्तात पिल्लेही सापडत नाहीत. रक्ततपासणी निर्दोष आली म्हणून निश्चिंत होणारा डॉक्टर इथेच फसतो. शेळीचे निदान करताना बैलाचे रक्त पाहावे लागते, हे मला पुस्तकापेक्षा गोठ्यांनी अधिक पक्के शिकवले.

माणसाच्या हत्तीरोगाचा मुख्य कृमी, वुचेरेरिया बँक्रॉफ्टी, नेमका उलट आहे. त्याला माणसाखेरीज दुसरा नैसर्गिक यजमान नाही, म्हणूनच गावातल्या प्रत्येकाला गोळ्या देऊन त्याचा नायनाट करण्याचा विचार करता येतो. नागपूर जिल्ह्यात २०१९ च्या जानेवारीत तीन औषधांची एकत्रित मोहीम झाली, ती याच आधारावर. कुत्र्यांतील डायरोफायलेरिया रेपेन्स मात्र आपल्या यजमानातून माणसाकडे भरकटतो, आणि केरळात नेत्रतज्ज्ञांनी तो माणसांच्या डोळ्यांतून काढलेला आहे.

शेळीवर मी आता वेळ न दवडता डायइथाइलकार्बामाझिन सुरू करतो. भारतीय वैज्ञानिक येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेतील लेडर्ले कंपनीत १९४० च्या दशकात पुढे आलेले हे औषध हत्तीरोग झालेल्या माणसालाही दिले जाते. ते अळीला मारते, पण चिरडलेला मज्जारज्जू जोडत नाही, त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत आलेली शेळी आणि आठवड्यानंतर आलेली शेळी यांच्यात फार मोठे अंतर पडते. त्या मावशींची शेळी दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आली होती. दिवाळीपर्यंत ती चारही पायांवर उभी राहिली, डावा पाय किंचित ओढत. मावशींनी तिची दावण बैलांपासून काढून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेली आहे, आणि सांजवेळी तिच्याजवळ कडुलिंबाचा धूर असतो.