मीटरवर २३०, तरी फ्रीजर उचलेना

दिवाळे कोळीवाड्यातून फोन आला तेव्हा दुपार उलटून गेली होती. सकाळपासून पाऊस आणि लाईट गायब. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपून होड्या नुकत्याच बाहेर पडू लागल्या होत्या, त्यामुळे मावशींचा डीप फ्रीजर कोळंबी-पापलेटने गच्च भरलेला. घरातला छोटा पेट्रोल जनरेटर चालत होता, त्यावर बल्ब-पंखेही चालत होते. फ्रीजर लावला की मात्र कॉम्प्रेसर नुसता घुमायचा आणि त्याला जळू न देणारा ओव्हरलोड स्विच टक्कन तुटायचा.

आधी येऊन गेलेल्या मेकॅनिकने निकाल देऊन टाकला होता: व्होल्टेज बरोबर आहे, जनरेटरच लहान पडतो, ५ केव्हीएचा घ्या. वरवर पटण्यासारखंच होतं. सुरू होताना कॉम्प्रेसर नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढतो. पण मावशींनी मला दारातच विचारलं, "दादा, गेल्या पावसाळ्यात हाच जनरेटर, हाच फ्रीजर. रात्रभर चालला. यंदा काय फ्रीजरला बाळसं धरलं?"

याला उत्तर नव्हतं, म्हणून कामाला लागलो. जनरेटर पडवीत, पावसामुळे दार लोटून ठेवलेला. तो आधी बाहेर, पत्र्याच्या आडोशाला काढायला लावला. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. माणूस झोपतो तो उठतच नाही.

चालू केला आणि इंजिनाचा सूर कानाला खटकला. चढा होता. मीटर लावला: रिकाम्या, म्हणजे काहीही न जोडलेल्या जनरेटरवर २३१ व्होल्ट. मावशींचा मुलगा लगेच म्हणाला, "बघा, बरोबर आहे ना?" मी मीटरची कळ हर्ट्झवर, म्हणजे विजेच्या सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांवर फिरवली. ५७.

हे जनरेटर दोन पोलचे, म्हणजे फिरत्या चुंबकाला दोनच टोकं असलेले असतात. ५० हर्ट्झ हवे तर इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर हवं. लोड आल्यावर वेग थोडा बसतो, म्हणून रिकाम्याला ५२च्या आसपास ठेवतात. ५७ म्हणजे ३४२० फेरे. कुणीतरी गव्हर्नरचा, म्हणजे इंजिनाचा वेग राखणाऱ्या यंत्रणेचा स्क्रू पिळून, वेग वाढवून व्होल्टेज २३०पर्यंत ओढून आणलं होतं. ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटरचा पारा झटकावा, तसला उपचार.

मग ५०० वॅटचे दोन हॅलोजन लावले. व्होल्टेज १८८वर आपटलं, हर्ट्झ मात्र ५४. मला हवी होती ती खूण हीच. दोन्ही आकडे एकत्र कोसळले असते तर कार्ब्युरेटर, फिल्टर, प्लग उघडत बसलो असतो. इथे इंजिन लोड व्यवस्थित ओढत होतं, व्होल्टेज एकटंच खाली बसत होतं. दुखणं अल्टरनेटरचं, म्हणजे वीज बनवणाऱ्या भागाचं होतं.

या जातीच्या जनरेटरला ब्रश नाहीत, व्होल्टेज आपोआप सांभाळणारा एव्हीआरही नाही. स्टेटरमध्ये, म्हणजे स्थिर भागात, एक वेगळं वाइंडिंग आणि त्याला जोडलेला एक कपॅसिटर. त्याच्या जोरावर रोटरचं, म्हणजे फिरत्या भागाचं चुंबकत्व टिकतं. कपॅसिटर अशक्त झाला की जनरेटर रिकामा असताना सोंग आणतो आणि मोटरचा झटका आला की मान टाकतो. इंजिन बंद केलं, मागचं झाकण काढलं, टेस्ट लॅम्प लावून कपॅसिटर डिस्चार्ज केला. अंगावर छापलेलं २० मायक्रोफॅरड, मीटरवर आले साडेबारा. रोटरचे डायोडही तपासून घेतले. ते ठणठणीत होते.

गाडीत २० मायक्रोफॅरडचा, ४५० व्होल्ट एसीचा रनिंग कपॅसिटर होता. इथे मोटरचा स्टार्टिंग कपॅसिटर ठोकून देणारेही भेटतात. तो सतत चालण्यासाठी नसतोच, फुटतो. नवा बसवला आणि मुलाला बजावलं, मी सांगेपर्यंत काहीही जोडायचं नाही. चालू केल्याबरोबर मीटर २७६वर गेला. मुलगा दोन पावलं मागे सरला. कपॅसिटर धडधाकट, पण गव्हर्नर अजून पिळलेलाच! स्क्रू हळूहळू सैल करत ५२ हर्ट्झवर आणला, व्होल्टेज २३६ झालं. इंजिनही मूळ सुरात आलं. हॅलोजन लावल्यावर २२३ व्होल्ट, ५० हर्ट्झ.

हॅलोजन काढून फ्रीजर लावला. इंजिन एकदा दबलं, गव्हर्नरने थ्रॉटल उघडला, आणि कॉम्प्रेसरने पकडलं.

स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका दिला, म्हणजे पुढे कुणी पिळला तर कळेल. मुलाला सांगितलं, जनरेटर बंद करताना आधी फ्रीजर काढायचा, मग इंजिन. मावशी तोवर फोनवर होत्या, मोठ्या जनरेटरची ऑर्डर रद्द करत. समोरचा ऐकत नसावा. "अरे, मला नको आता," त्या ओरडून सांगत होत्या, "माझा जुना बरा झाला!"